बाबांचा पेला परत जागेवर ठेवा

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे.)

पत्रलेखिका ४४ वर्षांच्या आहेत. ७१ वर्षांचे वडील त्यांच्याकडेच राहतात. गेलं वर्षभर बाबांना प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो. जेवण पाऊण तास चालतं आणि रात्रीच्या एका जेवणात अडीच-तीन पेले पाणी संपतं. जेवताना पाणी पिऊ नये, पाचक रस पातळ होतात, हे खुद्द बाबांनीच मुलांना लहानपणी शिकवलेलं. म्हणून लेखिकेनं आधी टोकून पाहिलं, मग टेबलावरचा पेलाच उचलला. बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. तेव्हा घाबरून त्यांनी सगळं वाटून, मऊ, बेताच्या चवीचं द्यायला सुरुवात केली. तेही बाबा अर्धं टाकतात. पूर्वी स्वयंपाकाच्या वासानं त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आता “काही वाटत नाही” म्हणतात. भाऊ म्हणतो, वय झालं. आत्या म्हणते, घास बत्तीस वेळा चावायला लाव. बाबांना वरची कवळी आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, सर्दीची एक रोज रात्री, आणि लघवीची घाई होते, रात्री उठावं लागतं म्हणून दीड वर्षापासून आणखी एक. तरीही रात्री तीनदा उठणं चालूच आहे. लेखिका विचारतात: हा हट्ट आहे, सवय आहे, की उदासपणा? सवय असेल तर मोडायची कशी? आणि जे केलं त्याची माफी मागावी का?

---

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘सवय’ हा शब्द सहा वेळा आलाय, मी मोजला. ‘लाळ’ एकदाही नाही.

तोंडातली लाळ कमी झाली आहे का, हे ताडायला डॉक्टर जे मोजके प्रश्न विचारतात त्यांतला एक असा असतो: कोरडा घास गिळायला मध्येमध्ये पाण्याचा घोट घ्यावा लागतो का? म्हणजे जी खोड म्हणून तुम्ही मोडायला निघालात, ते आमच्या लेखी लक्षण आहे. तेव्हा पेला आज रात्रीच जागेवर ठेवा. बाकीचं उत्तर उद्या सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी दातांची डॉक्टर. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या लाळेशी झटापट करण्यात गेलंय. खालच्या दाढेत सिमेंट भरायचं तर दाढ कोरडी हवी. त्यासाठी जिभेखाली कापसाची एक गुंडाळी, गालाकडे दुसरी, वर ती गुरगुरणारी नळी, आणि एवढं करून दोन मिनिटांत कापूस चिंब. पण अधूनमधून असा एखादा माणूस खुर्चीत बसतो की अर्ध्या तासानं गुंडाळी काढायला जावं, तर ती गालाला चिकटून बसलेली. पाण्यानं भिजवून सोडवावी लागते, ओढली तर साल निघेल. अशा वेळी मी दातांबद्दल काही विचारत नाही. “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” एवढंच विचारते.

गोळ्यांकडे येतेच. त्याआधी जेवताना तोंडात काय चालतं ते सांगायला हवं, कारण बाबांच्या ताटात तुम्ही केलेला दुसरा बदल मला पेल्याइतकाच खटकलाय.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे गालात एक, खालच्या जबड्याच्या आत एक, जिभेखाली एक. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारक्या ग्रंथी विखुरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ देतात. पण ती एकसारखी येत नाही. नुसतं बसलेलं असताना मिनिटाला साधारण ०.३ मिली, तीही बहुतेक जबड्याखालच्या जोडीची. झोपेत जवळजवळ थेंबच. घास तोंडात गेला की गालातली जोडी जागी होते आणि मिनिटाला एक-दोन मिली येऊ लागते; जिभेवर काही आंबट पडलं तर त्याहूनही कितीतरी जास्त.

हे डोळ्यांनी बघता येतं. आरशासमोर उभ्या राहा, गाल बाहेर ओढा आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर बघा. गालाच्या आतल्या बाजूला मोहरीएवढा उंचवटा दिसेल. जीभ फिरवली की लागतोही. तो स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या आणि जिभेवर लिंबाचे दोन थेंब टाका. काही क्षणांत त्या उंचवट्याच्या टोकावर पाण्यासारखा नितळ थेंब फुगतो आणि ओघळतो, की लगेच मागून दुसरा. निल्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याला १६६० मध्ये अॅम्स्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरताना ही नळी सापडली. आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. (पुढे या गृहस्थानं खडकांचे थर कसे वाचावेत हे सांगून भूशास्त्राचा पाया घातला आणि शेवटी बिशप झाला. एका आयुष्यात माणसानं किती ठिकाणी डोकं घालावं!)

ग्रंथींना जागं करतात त्या मुख्यतः दोन गोष्टी, चावणं आणि चव. दातांच्या मुळांभोवती दाब ओळखणाऱ्या नसा असतात. चावताना त्या मेंदूच्या बुंध्यातल्या लाळेच्या केंद्रांना कळवतात आणि तिथून ग्रंथींना हुकूम सुटतो. हिशेब इतका चोख, की ज्या बाजूनं चावाल त्याच बाजूच्या गालातली ग्रंथी जास्त लाळ सोडते. कवळी लावणाऱ्याकडे या नसा मुळातच कमी उरलेल्या असतात. हिरड्या, स्नायू आणि जबड्याचा सांधा यांच्यावर भागवावं लागतं. चवींमध्ये आंबट सगळ्यांत जोरकस.

आता तुमचं वाटलेलं, मऊ, बेताच्या चवीचं जेवण आठवा. चावायला काही नाही आणि जिभेला कळेल असंही काही नाही. तुम्ही हे मायेनं केलंत, पण त्यामुळे ग्रंथींना निरोप जाण्याच्या दोन्ही वाटा बंद झाल्या. प्रयोगशाळेत उंदरांना नुसतं पातळ खाणं दिलं तर त्यांची गालातली ग्रंथी आक्रसते, आणि चावायचं खाणं पुन्हा सुरू केलं की भरून येते. बाबा उंदीर नाहीत, मान्य. पण काम न मिळालेली ग्रंथी सुस्तावते, हे माणसाच्या बाबतीतही खरं आहे.

मग कोरडं, कडक वाढायचं का? नाही, घास अडकेल. चावावं लागेल पण ओलावा असेल, असं वाढा. भाज्या वाटू नका, तुकडे राहतील अशा शिजवा. पाव असेल तर कशात तरी बुडवून द्या. आंबटपणा परत आणा. एक मात्र सांभाळा: खाली त्यांचे स्वतःचे दात असतील तर दिवसभर लिंबाच्या फोडी चोखायला देऊ नका. लाळ नसलेल्या तोंडात आम्ल दातांना खाऊन टाकतं. आंबट जेवणातच असू द्या.

पाणी आणि लाळ यांतला फरकही इथेच सांगते, कारण बाबांना पाऊण तास का लागतो ते त्यातून कळतं. लाळेत ९९ टक्के पाणीच असतं, पण उरलेल्या एका टक्क्यात म्यूसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं असतात. चावलेल्या कणांना ती एकत्र धरतात, घासाचा गोळा होतो आणि एका गिळण्यात सरकतो. पाण्यानं घास भिजतो, पण बांधला जात नाही. चुरा मागे राहतो, हिरडीच्या कडेला बसतो, कवळीखाली शिरतो. मग आणखी एक घोट, आणि आणखी एक. कवळीही टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. त्यामुळे बाबा कवळी सैल झाल्याची तक्रार करत असतील, तर नवी करायला टाकण्याआधी थांबा.

“वासानं काही वाटत नाही” या वाक्यानं तुम्हाला सर्वांत जास्त भीती घातलेली दिसते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह आणि घंटा ऐकून लाळ गाळणारी त्यांची कुत्री आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहेत, की खायला दिसलं किंवा वास आला की तोंडात पूर आलाच पाहिजे असं आपण धरून चालतो. (पाव्हलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनाच्या अभ्यासाबद्दल, घंटेबद्दल नव्हे.) माणसात नुसत्या दिसण्यानं किंवा आठवणीनं लाळेत पडणारी भर अगदी थोडी असते. तोंडाला पाणी सुटलं असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आधीच साठलेल्या लाळेकडे आपलं लक्ष गेलेलं असतं. बाबांच्या तोंडात साठलेलीच नसेल तर लक्ष जाणार कुठे? त्यातून चव लागते ती पदार्थ विरघळला की, आणि विरघळवायचं काम लाळेचं. म्हणून या एका वाक्यावरून ते उदास आहेत असं ठरवू नका. ते उदास नाहीतच असंही मी इथून सांगू शकत नाही. पण रोज दोन वेळा जेवताना बोलणी खाणारा माणूस खुशीत कसा असेल?

टोकल्यानं जेवण सुधारत नाही, याचंही कारण ग्रंथींमध्येच आहे. भीती वाटली, ताण आला की मेंदू लाळेच्या केंद्रांना आवर घालतो. चारचौघांत बोलायला उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते ती यामुळेच. आधीच कमी असलेली लाळ टेबलावरच्या वादानं आणखी कमी होते.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. वयानुसार बसल्या जागची लाळ काहीशी कमी होते, हे खरं. पण गोळ्या न घेणाऱ्या निरोगी म्हाताऱ्या माणसाच्या गालातल्या ग्रंथी चावताना जवळपास तरुणाइतकीच लाळ देतात. वय वाढतं तशा गोळ्या वाढतात, आणि गोळ्यांचं खापर वयावर फुटतं.

ग्रंथींना लाळ सोडायचा हुकूम नसा अॅसिटिलकोलीन या रसायनातून देतात. मूत्राशयाच्या स्नायूला आवळायचा हुकूमही त्याच रसायनातून जातो. लघवीची घाई थोपवणाऱ्या बऱ्याच गोळ्या हा हुकूम अडवतात, आणि तो मूत्राशयाकडे चाललाय की लाळग्रंथीकडे, हे त्यांना नीट ओळखता येत नाही. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्याही थोड्याफार प्रमाणात हेच करतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर त्याचीही भर. एकेक गोळी कदाचित सोसली असती. पण अशा गोळ्यांची बेरीज होते, आणि उतारवयात त्या बेरजेतून बद्धकोष्ठ, विसराळूपणा, गोंधळल्यासारखं होणं हेही निघू शकतं. बाबांना यांतलं काही होतंय का? पत्रात नाही, पण बघा.

तुमच्याच पत्रातल्या गोष्टी मी आता एका ओळीत लावते. लघवीची गोळी दीड वर्षापूर्वी आली. पेला वर्षापूर्वी. रात्रीच्या जेवणात अडीच-तीन पेले पाणी पोटात जातं. त्या पाण्यासाठी रात्री उठणं आलंच. उठणं थांबत नाही म्हणून गोळी चालू. गोळीनं तोंड कोरडं. तोंड कोरडं म्हणून पाणी. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी इथेच येऊन थांबले. बाबांना न तपासता हेच कारण असं म्हणणार नाही, पण शोध इथून सुरू करा.

आणि म्हणून आजपासून गोळी बंद, असं मात्र करू नका. तीनपैकी कुठलीच गोळी स्वतःच्या मनानं थांबवायची नाही, निम्मीही करायची नाही. तीनही पाकिटं घेऊन ज्यांनी लघवीची गोळी दिली त्यांच्याकडे जा. जेवताना घासागणिक पाणी लागतं, हे वाक्य असंच सांगा. नुसतं “तोंड कोरडं पडतं” म्हटलं की पाणी प्या म्हणून बोळवण होते. या गोळीची मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, विचारा. मूत्राशयावर वेगळ्या मार्गानं काम करणारी आणि लाळेला फारशी न छेडणारी औषधंही आहेत, त्यांतलं बाबांना चालेल का, विचारा. सर्दीची गोळी रोज लागतेच का, हेही विचारा; अशा गोळ्या पाहुण्यासारख्या येतात आणि घरजावई होऊन राहतात.

जाण्याआधी घरी एक मोजमाप करा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मिलीच्या खुणा असलेलं झाकण असतं, ते धुऊन घ्या. सकाळी, खाल्ल्या-प्यायल्याला तास उलटून गेल्यावर, बाबांना निवांत बसवा. आधी एकदा गिळायचं, मग मान पुढे करून तोंडात येईल ती लाळ पाच मिनिटं झाकणात ओघळू द्यायची. बोलायचं नाही, चघळायचं नाही. साधारण दीड मिली जमली तर ठीक. अर्ध्या मिलीच्या आत राहिली तर लाळ नक्कीच कमी आहे. तीन दिवस, त्याच वेळी करा आणि आकडे लिहून न्या. आधी स्वतःवर करून दाखवा, म्हणजे बाबांना ओशाळवाणं वाटणार नाही. लाळ गाळत बसणं कुणालाच शोभत नाही, दोघं मिळून हसाल.

गोळ्या बदलूनही फरक पडला नाही, तर पुढची तपासणी लागेल. डोळेही कोरडे पडत असतील, वाळू गेल्यासारखे खुपत असतील, तर ते आवर्जून सांगा. डोळ्यांच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर शरीर स्वतःच हल्ला करतं असा एक आजार आहे. मधुमेहाची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या. जेवायला बसलं की जबड्याखाली सूज येऊन दुखतं आणि तासाभरात ओसरतं, असं असेल तर लाळेच्या नळीतला खडा आठवायचा. यांतलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, पण हा सदर वाचणाऱ्या आणखी कुणाला होत असेल.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. बाबांना पाणी पितानाच ठसका लागत असेल, ओला घासही छातीत अडकल्यासारखा वाटत असेल, किंवा वजन उतरत असेल, तर लाळेचा विचार बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गिळण्याची तक्रार निराळी असते. जेवण निम्म्यावर आलंय म्हणता, तर वजन उद्याच करा.

आत्याबाईंना काय सांगायचं? बत्तीस हा आकडा दातांच्या संख्येवरून उचलला असावा, असा मला नेहमी संशय येतो. घास किती चावायचा ते त्याचा गोळा झाला की कळतं. लाळच नसेल तर बत्तीस काय नि साठ काय, भुसा आणखी बारीक होईल, इतकंच. पाचक रस पातळ होण्याची भीतीही सोडा. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं, पेलाभर पाण्यानं ते डगमगत नाही. पिष्टाचं पचन लाळेत सुरू होतं हे शाळेत शिकलेलं बरोबर आहे, पण त्याचा मोठा भाग पुढे स्वादुपिंडाच्या रसानं होतो. लाळ कमी झाली म्हणून बाबांचं पचन बंद पडणार नाही.

दातांचं मात्र बिघडेल, आणि हे कुणीच सांगत नाही. गोड खाल्लं की दातांवरच्या थरात आम्ल तयार होतं आणि लाळेतला बायकार्बोनेट ते अर्ध्या-एक तासात मारतो. लाळ नसेल तर आम्ल तिथेच बसून राहतं, आणि हिरडीलगत, मुळांवर अशी कीड लागते की सहा महिन्यांत चांगला दात जातो. म्हणून कोरड घालवायला साखरेच्या गोळ्या चघळायच्या नाहीत. चघळायचंच तर बिनसाखरेचं, आणि कवळीला न चिकटणारं. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. जिभेवर पांढरे चट्टे, टाळूला लाली किंवा जळजळ दिसली तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा; कोरड्या तोंडात बुरशी पटकन धरते.

पाण्याचंही थोडं सांगते, नाहीतर पेला परत आला की जागरणही वाढेल. दिवसा भरपूर पिऊ द्या. रात्री जेवायला बसण्याआधी एक मोठा घोट तोंडात फिरवून गिळायचा, म्हणजे पहिलाच घास कोरड्या तोंडात पडत नाही. मग घासामागे चमचाभर, घटाघटा नाही. ताटात ओलावा असेल तर पाणी आपोआप कमी लागेल. पेला लहान घेतला तर कुणी सांगायचीही गरज नाही.

माफीचं विचारलंत. ते तुमचं आणि बाबांचं, मी मध्ये पडत नाही. पण पेला उचलला तुम्ही, तेव्हा ठेवायचाही तुम्हीच, भावाकडून नको. आणि “पाणी का लागतं?” असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नाही. “कुठला घास अडतो?” असं विचारा आणि ते सांगतील ते त्या तीन आकड्यांखाली लिहून घ्या. डॉक्टरांकडे जाताना तोच कागद न्यायचा आहे.